विलंबाचे कारण

नाना, तुमच्या नावाचं एक सरकारी पत्र आलंय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली हे पाठवणाऱ्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसण्याचाच त्याला पगार मिळत असावा. वर तुमचं नाव, खाली 'द्वारा' म्हणून माझं, आणि श्रीरामपूरच्या त्या जुन्या खोलीचा पत्ता. ती खोली सोडून मला कितीतरी वर्षं झाली, पण पोस्टमन माझा जुना विद्यार्थी. शाळेत आणून दिलं त्याने. म्हणाला, "सर, वडिलांचं आहे." मी म्हटलं, "ठेव. देतो त्यांना."

पत्रात लिहिलंय की तुम्ही तालुक्याच्या ठाण्यात जमा केलेली ठासणीची बंदूक दीर्घकाळ पडून आहे; तीस दिवसांच्या आत समक्ष हजर राहून ती सोडवून न्यावी, अन्यथा तिची विल्हेवाट लावण्यात येईल. सोबत एक छापील नमुना भरून मागितलाय. त्यातला सातवा रकाना असा : 'विलंबाचे कारण.' म्हणजे बंदूक न्यायला तुम्हाला उशीर का झाला, ते तुम्ही सांगायचं. नाना, मी शांत माणूस आहे. वर्षानुवर्षं त्याच त्या विभक्त्या शिकवणाऱ्याला राग परवडत नाही. पण तो रकाना वाचला आणि शिक्षकांच्या खोलीत मी इतक्या जोरात "हरामखोर" म्हणालो, की चित्रकलेच्या सरांनी घाबरून हातातला ब्रश खाली ठेवला.

डोंगराकडेच्या आपल्या गावात परवान्याची बंदूक तुमची एकट्याची. पिकाच्या राखणीसाठी मिळालेली. नळीत दारू ओतायची, चिंधी कोंबायची, गजाने ठासायची, आणि मग बार. एवढं होईपर्यंत रानडुक्कर दुसऱ्या तालुक्यात पोचलेलं असायचं. त्यामुळे तुम्ही एखादं डुक्कर मारल्याचं मला तरी आठवत नाही. दिवस कलला की तुम्ही शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढता, डोंगराकडे तोंड करता आणि एकच बार काढता. तो आवाज घळीत घुमून परत येतो, कुत्री भुंकतात, आणि त्या एका आवाजावर सगळ्या शिवाराचं पीक रात्रभर उभं राहतं. बाया म्हणायच्या, "नानांचा बार झाला, तवा टाका आता." मी जेव्हा मुलांना सांगतो की शब्दात शक्ती असते, तेव्हा मला संस्कृतातलं काही आठवत नाही, तुमचा बार आठवतो.

तुम्ही मला 'पंडित' म्हणायचात. कुणब्याच्या पोराने शेती सोडून संस्कृत धरलं याची गावाला गंमत वाटायची. तुम्हाला गंमत आणि अभिमान दोन्ही, आणि त्यातलं नेमकं कुठलं कधी आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कॉलेजात गेलो तेव्हा तुम्ही नगरला जाऊन माझ्यासाठी शब्दकोश आणलात. तुम्हाला सही करण्यापुरती अक्षरं यायची. "दुकानदाराला म्हनलं, संस्कृताचं सगळ्यात जाड बुक दे. एवढं जाड हाय म्हंजी आत कायतरी आसंलच की." तो कोश या क्षणी माझ्या कोपराशी आहे. पाठीला दोनदा कापड लावलंय. त्याच्याबद्दल पुढे लिहायचंय, लिहवलं तर.

परवाना तीन वर्षांचा. मुदत संपायच्या आधी महिनाभर नूतनीकरणाचा अर्ज मीच लिहून दिला, माझ्या अक्षरात, माझ्या भाषेत; पत्रव्यवहारासाठी पत्ताही माझाच दिला, कारण गावात टपाल आठवड्यातून एकदा यायचं आणि तेही वाणसामानाबरोबर. मुदत संपत आली तरी उत्तर नाही. शेजारच्या गावांत ज्यांच्याकडे बंदुका होत्या त्यांचे परवाने वर्षानुवर्षं संपलेले असायचे आणि बंदुका खुशाल घरात खुंटीला. तुम्हीही तेच म्हणालात, "कागद येईल सावकाशीनं. बंदूक काय पाय फुटून पळती व्हय?" पण मी नुकताच मास्तर झालो होतो. परवान्याच्या पाठीमागचा बारीक छापा आख्ख्या पंचक्रोशीत मी एकट्याने वाचला होता. "नाना, मुदत संपल्यावर ती घरात ठेवणं गुन्हा आहे. आपणच कायदा मोडायचा, तर मी वर्गात काय तोंडाने उभा राहू?" तुम्ही आईला म्हणालात, "पंडित म्हनतोय म्हंजी बरूबरच आसंल."

दुसऱ्या दिवशी बंदूक धोतराच्या फडक्यात गुंडाळून तुम्ही ठाण्यात गेलात. मी बरोबर होतो. तिथला मुद्देमाल सांभाळणारा हवालदार आ वासून बघत राहिला. "नाना, आपनहून बंदूक जमा कराया आलेला ह्या तालुक्यातला तुमी पयला मानूस. कुनी सांगितलं ओ तुमाला?"

"माजा पोरगा लई शिकल्याला हाय," तुम्ही म्हणालात.

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ तेव्हा मला कळला नाही. आता कळतो, पण नाना, माणूस शिकतो तो उशिराच.

मग सुरू झाला तो खेळ. न्यायशास्त्रात एक दोष सांगितलाय, अन्योन्याश्रय : हे सिद्ध व्हायला ते हवं आणि ते सिद्ध व्हायला हे. गुरुजी शिकवायचे तेव्हा मला वाटायचं, इतकी मूर्ख माणसं जगात असणार कुठे, उगाच दोषांची यादी लांबवलीय. नूतनीकरणासाठी ठाण्याने बंदूक पाहून अहवाल द्यायचा असतो. पाच महिन्यांनी एक शिपाई सायकल ढकलत चढ चढून आपल्या घरी आला. मी सुट्टीला आलो होतो. आईने ताक दिलं. पिऊन, मिशा पुसून तो म्हणाला, "हं, दाखवा नाना बंदूक."

"आवो, ती तुमच्याच ठान्यात हाय की. तुमच्याच खोलीत."

"ते मला ठाव हाय. रोज बघतो मी तिला. पन अर्जदारानं ताब्यातली बंदूक दाखीवली, आसं ल्ह्यावं लागतंय."

"मग ल्ह्या की, ठान्यात बगितली म्हनून."

"तसा रकाना न्हाई नाना."

आणि त्याने लिहिलं : अर्जदाराने बंदूक दाखवली नाही, सबब तपासणी करता आली नाही. वर गोड हसून म्हणाला, "ताक झकास हुतं वयनी." तो अहवाल नगरला गेला, नगरहून शेरा मारून परत आला, पुन्हा गेला. परवान्याशिवाय बंदूक मिळत नाही आणि बंदूक दाखवल्याशिवाय परवाना मिळत नाही. तुम्ही मला विचारलंत, "पंडित, डुकराला तुज्या संस्कृतात काय म्हंत्यात रं?" म्हटलं, "वराह." "मग त्या वराहाला जरा तुज्या भाषेत समजावून सांग की, परवाना येईस्तवर दम धर म्हनावं बाबा."

खंडेनवमी आली. दरवर्षी ओट्यावर नांगर, कुऱ्हाड, विळे मांडून त्यांच्या मधोमध बंदूक ठेवायचात, हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घालायचात. त्या वर्षी मधली जागा रिकामी ठेवलीत आणि आईला म्हणालात, "आलोच." हार नि कुंकवाची पुडी घेऊन तुम्ही थेट ठाण्यात. मीही मागोमाग, मला वाटलं आता काहीतरी अनर्थ होतोय. तिथे पोलिसांचीही शस्त्रपूजा चाललेली, उदबत्तीचा धूर. हवालदार म्हणाला, "नाना, मुद्देमालाच्या खोलीत बाहेरच्या मानसाला जाता येत न्हाई."

"मी कुटं जातोय? तुमीच घाला हार. तुमी काय बाहेरचं हाय व्हय?"

"हार घातला तर रजिस्टरात चढवावा लागंल. बंदुकीसंगं हार एक."

"चढवा. पन कुकू आधी लावा."

तो हसला, आत गेला, आणि गजांच्या खिडकीतून तुम्हाला दिसेल अशा बेताने बंदूक उभी धरून त्याने हार घातला. तुम्ही खिडकीबाहेरून हात जोडलेत. पुढच्या वर्षीही असंच झालं. फरक एवढाच, की ते दुष्काळाचं वर्ष होतं, फुलं मिळाली नव्हती, तुम्ही चारच झेंडू दोऱ्यात ओवून आणले होते.

त्या दीड-दोन वर्षांत मी नगरच्या कचेरीत तीन वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा फाईल दौऱ्यावर. तिसऱ्यांदा दोघंही हजर होते, पण कारकून म्हणाला, "गुरुजी, जिल्हा दुष्काळाने होरपळतोय, आणि तुम्ही बंदुकीचं काय घेऊन बसलात? कुणाला गोळी घालायची एवढी घाई झालीय वडिलांना?" आजूबाजूची टेबलं हसली. मी सांगितलं, डोंगरात पाणी नाही, चारा नाही, कळपच्या कळप खाली उतरताहेत. विहिरीखालच्या अर्ध्या एकरात बैलांपुरती मका हिरवी आहे, सगळ्या शिवारात हिरवं तेवढंच. वडील पत्र्याचा डबा वाजवत राखण करतात, त्यांचं वय झालंय. तो म्हणाला, "सगळा उशीर आमच्याच माथी का मारता? तुमच्या बाजूनेसुद्धा..." मी टेबलावर हात आपटला, त्याला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, "विषय बदलू नका! माझा बाप तिकडे डबा वाजवतोय!" मला वाटलं, काय बोललो मी. बाहेर आल्यावर पायरीवर बसून रसाचा पेला घेतला तेव्हाही मी स्वतःवर खूश होतो.

त्यानंतर पंधरवड्याने, पहाटेचं तांबडं फुटताना, मकेत खुसफुस ऐकून तुम्ही डबा घेऊन उतरलात. आई सांगते, डब्याचा आवाज झाला आणि मधेच थांबला. सुळा मांडीत घुसला होता. बैलगाडी, मग एस.टी.चा फाटा, मग तालुक्याचा दवाखाना. मी पोचलो तेव्हा तुम्ही शुद्धीवर होता. जखम चिघळत होती, पण चेष्टा सुटली नव्हती. "पंडित, वराहाला संस्कृत येत न्हाई रं." नंतर दोन-तीनदा विचारलंत, "कागद आला का?" मी म्हणालो, "येईल नाना." नवव्या दिवशी तुम्ही विचारायचे थांबलात.

परवाना आला, नाना. तुमच्यामागे दोन महिने नि चार दिवसांनी. बंदूक ठाण्यातच पाहिल्याचे ग्राह्य धरून नूतनीकरण करण्यात आले आहे, ती ठाण्यातून घेऊन जावी. गोल शिक्का, झोकदार सही. तो कागद मी फाडला आणि बंदूक आणायला गेलोच नाही. आणून कुणाच्या हातात देणार होतो? तेव्हापासून आजपर्यंत मी त्या कचेरीला शिव्या देत आलोय. वर्गात अन्योन्याश्रय शिकवताना तुमचं उदाहरण देतो, नाव न घेता. मुलं हसतात. मीही हसतो.

परवा रविवारी ठाण्यात जाऊन आलो. नवा अंमलदार, कोवळा, नम्र. बंदूक काढून आणली. दस्ता वाळवीने पोखरलाय, नळी लाल झालीय. घोड्यापाशी तुमच्या नावाची चिठ्ठी, आणि त्याच्याच खाली एक काळा पडलेला दोरा, त्यात झेंडूचे चार देठ. अंमलदाराने रजिस्टर काढून ताडून पाहिलं. म्हणाला, "सर, इथे 'हार एक' अशी नोंद आहे. तोच का हा?" मी म्हटलं, "तोच." एवढं एक काम त्या ठाण्यात चोख झालं होतं. नमुना भरून द्या, एवढंच तो म्हणाला. मी भरला, सातवा रकाना सोडून, आणि घरी घेऊन आलो.

आता कोशाचं. तुमचा अर्ज गेल्यावर सहा महिन्यांनी कचेरीने एक पत्र पाठवलं होतं, माझ्या पत्त्यावर. अर्जदाराचे दोन फोटो जोडावेत, त्याशिवाय प्रकरण पुढे जाणार नाही. परीक्षेचे पेपर तपासत होतो. एक शब्द बघायला कोश उघडला होता, ते पत्र खूण म्हणून त्यात घातलं आणि कोश मिटला. पुन्हा त्या पानावर गेलो तेव्हा अडीच महिने उलटले होते. फोटो लगेच पाठवले, पण तुम्हाला कधी सांगितलं नाही. आईलाही नाही. कारकून त्या दिवशी हेच सांगत होता, म्हणूनच मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. कचेरीने तुम्हाला दोन वर्षं ताटकळवलं हे खरंच आहे, त्यातला एक दिवसही मी त्यांना माफ करत नाही. पण परवाना तुमच्यामागे दोन महिने नि चार दिवसांनी आला, आणि अडीच महिने तो माझ्या कोशात होता.

सातव्या रकान्यात मी तीन वेळा लिहून खोडलं. शेवटी लिहिलंय, 'अर्जदार मयत.' खोटं नाही ते, पण कारणही ते नाही. कारण त्यांना सांगायचं माझं धाडस झालं नाही. नमुना उद्या टपालात जाईल. हे पत्र मात्र पोस्टमनला देता येत नाही. तुम्ही आणलेल्या जाड बुकातच ठेवतो, त्याच पानात.