ताप उतरला तो दिवस

आई,

तुझा हात कापला तो बेदाण्याच्या शेडवर, जाळीच्या तारेनं. एवढंसं खरचटलं होतं. तू हळद दाबलीस, जुन्या लुगड्याची चिंधी बांधलीस आणि पुन्हा द्राक्षं पसरायला लागलीस. मी दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणालीस, "एवढ्याला दवाखाना? मग तुझ्या जलमाच्या येळंला इमानच मागवाय पायजे हुतं!" शेडवरच्या सगळ्या बायका हसल्या. तुझ्या बोलण्याला उत्तर नसायचं, आणि मला तेव्हा तुझा रागही यायचा आणि अभिमानही वाटायचा.

मग थंडी वाजून ताप भरला. गावातल्या डॉक्टरच्या गोळ्यांनी हटेना. फौजेतून पेन्शनीत आलेले नाना एरवी देवापुढंही ताठच उभे राहायचे, पण तेही हबकले. तुझ्या माहेरच्या सिद्धनाथाला नवस बोलले, ताप उतरला तर त्याच पावली म्हसवडला येतो. आणि तुला सांगलीला न्यायला जीपही सांगून ठेवली. सकाळी जीप दारात उभी राहते. नाना तुला उचलायला वाकतात, तुझ्या पायांना हात लावतात आणि लहान पोरासारखे हसतात. "अगं, पाय गार हाईत. उतरला ताप. देव पावला!" आमचा जीव भांड्यात पडतो. त्याच जीपमध्ये बसून नाना म्हसवडला निघतात, कारण देवाचं बाकी ठेवू नये. तू मला तुझ्या थोरल्या बहिणीसारखं अक्का म्हणून हाक मारतेस, "मेंढरं आली का गं अक्का?" म्हणून विचारतेस, आणि आम्हाला वाटतं, बरं वाटायला लागलं म्हणून चेष्टा करतेस. नाना गुलाल आणि खोबरं घेऊन परत आले तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

आता मी सांगलीच्या एका मोठ्या रुग्णालयात त्याच दुखण्यावर संशोधन करते. त्याला सेप्सिस म्हणतात. जखमेतले जंतू रक्तात भिनतात आणि त्यांच्याशी लढता लढता शरीर आपल्याच मुळावर उठतं. ताप चढतो, पण कधीकधी उलट अंग गार पडतं, धाप लागते, माणूस भलतंच बोलतं. रक्ताच्या तपासणीतून हे आधीच ओळखता येईल का, कुणाला कोणतं औषध किती लवकर द्यायला हवं, हे आम्ही शोधतोय. सगळं अजून हाती लागलेलं नाही. नातेवाइकांना मी विचारते, उशीर का केलात? तासगावचे असोत की पाटणचे, कितीतरी जण एकच सांगतात, "ताप उतरला हुता की ओ." मी ते तसंच वहीत उतरवून घेते. खोलीवर येऊन एकटीच जेवते. दिवसभर परक्यांना जे समजावते ते माझ्या बापाला, माझ्या एकुलत्या एका माणसाला, सांगता येत नाही, आणि हे एकटेपण मला फार जड जातं.

कारण नाना एका समजुतीवर जगत आले. ताप देवानं उतरवला, पुढं हार्ट बंद पडलं त्याला देव काय करणार! दरवर्षी त्या दिवशी एसटीनं म्हसवडला जायचे, नारळ फोडून यायचे. गेल्या वर्षी आम्ही गावोगावी लोकांना ही लक्षणं सांगत फिरलो. आपल्या गावचा कार्यक्रम शेडमध्येच होता. नाना इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते आणि शेजारच्याला सांगत होते, "आमची पोरगी हाय." ताप उतरण्याचं वाक्य मला गाळता आलं असतं, पण समोर इतर कुणाच्या तरी आया बसल्या होत्या. मी म्हणाले, "ताप उतरला म्हणजे माणूस बरं झालं असं धरून चालू नका. हातपाय गार पडले, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, तर आहे तसं उचला आणि मोठ्या दवाखान्यात न्या." नानांची मान हळूहळू खाली गेली.

घरी चहा पिताना त्यांनी विचारलं, "तुझ्या आईचं येगळं हुतं न्हवं गं?"

"व्हय नाना. येगळंच हुतं ते."

"तेच म्हनतो मी," म्हणाले. चहा तसाच राहिला. मला एसटीत बसवायला आले तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला. तळवा चाचपला, बोटं दाबून पाहिली. "गरम हाईत," म्हणाले आणि सोडला. आता मी गावाहून निघाले की दर वेळी तेच करतात. यंदा म्हसवडला गेले नाहीत. गुडघे दुखत्यात म्हणाले.

आई, तुला वाचता येत नव्हतं. नाना फौजेतून घरी आल्यापासून कुठलाही कागद आला की तू त्यांच्यापुढं धरायचीस, अगदी लग्नपत्रिकासुद्धा. "वाचा जरा मोठ्यानं." हा कागद त्यांच्या हाती लागू नये म्हणून मी इथंच कुलपात ठेवणार आहे. पण खरं सांगू? कधीकधी वाटतं, लागावा. तू समोर बसली आहेस असं समजून त्यांनी तो मोठ्यानं वाचावा. म्हणजे मला तोंडानं सांगावं लागणार नाही, आणि एकदा तरी आम्हाला दोघांना मिळून रडता येईल.