एकतिसावा

१० नोव्हेंबर १९४७, नगर
आलो बुवा एकदाचे! पुणतांब्याला नावेतून उतरताना कानिफनाथने गोदावरीला हात जोडले, मी नुसती टोपी झटकली. आमचं गाव पलीकडच्या तीरावर, निजामाच्या मुलखात. इकडे मास्तरकीच्या क्लासला राहायचं तर परवाना लागतो. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं की पटावर नाव आहे तोवरच परवाना. न कळवता एक दिवस जरी गैरहजर राहिलात तरी नाव कमी, आणि दोन दिवसांत नदीपार. आजारी पडलात तर दवाखान्याची चिठ्ठी आणा, म्हणाले. पटावर मी सातवा, कानिफ एकतिसावा.

विष्णुपंत म्हणून पेन्शनर कारकून आहेत, त्यांच्या मागच्या खोलीत आम्हा दोघांची सोय झाली आहे. कानिफ चांगुणाबाईचा एकुलता एक. बाप नाही, आईने दुसऱ्याच्या शेतात खुरपून शिकवला. मी कुळकर्ण्याचा, तेव्हा मला पाढे आईच्या पोटातच आले असतील, असं म्हणून तो मला चिडवतो. मीही त्याला सोडत नाही.

२ डिसेंबर
युक्ती सापडली. हेडमास्तर खाली मान घालून हजेरी घेतात, नजर वर करतच नाहीत. आज मी आखाड्यात कुस्त्या बघत होतो आणि इकडे कानिफने नाक दाबून माझी हजेरी दिली! संध्याकाळी म्हणाला, लई पाप केलं आज तुझ्यापायी, कुळकर्णी. मी म्हटलं, पाप वाटून घेऊ, निम्मं तुझं निम्मं माझं. हसून हसून दोघांची पोटं दुखली.

२० डिसेंबर
या महिन्यात त्याने माझी हजेरी नऊ वेळा दिली. त्याची द्यायची वेळ माझ्यावर अजून आली नाही. गडी एक दिवस चुकवत नाही.

२९ डिसेंबर
कानिफला हिवताप. दात वाजताहेत, घोंगडीत मुटकुळं करून पडला आहे. दवाखान्यात जाऊन चिठ्ठी आणतो म्हणून उठत होता, मीच निजवला. म्हटलं, एवढ्या थंडीत कशाला मरायला जातोस? मी आहे ना! आज त्याची हजेरी मी दिली. अगदी त्याच्यासारखं, हजर जी. कोणाला पत्ता नाही.

३१ डिसेंबर
काय लिहू? आज भिंगारच्या बाजूला एका मळ्यात हुरडा होता, क्लासमधल्या नगरच्या पोरांनी बेत केला होता. टांगा दारात उभा, पोरं खुणावताहेत. सातव्या नंबराला मी हजर म्हणालो आणि मागच्या दाराने सटकलो. एकतिसाव्यापर्यंत थांबायला हवं होतं. किती वेळ लागला असता, दोन मिनिटं? हुरडा गोड होता. परतलो तेव्हा विष्णुपंत ओसरीवर उभे होते. क्लासचा शिपाई येऊन गेला, म्हणाले. कानिफचं नाव कमी झालं.

१ जानेवारी १९४८
हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं, तो आजारी होता का? तुला काही माहीत आहे? खरं सांगितलं असतं तर सगळ्या खोट्या हजेऱ्या निघाल्या असत्या, माझा परवानाही गेला असता. मी म्हणालो, मला ठाऊक नाही. याच जिभेने म्हणालो.

२ जानेवारी
सकाळच्या गाडीने पोलिसाने त्याला पुणतांब्याला नेला. अंगात ताप तसाच. निघताना त्याने विचारलं, दिली न्हवं माझी हजेरी? मी म्हणालो, दिली, मास्तरांनाच ऐकू गेली नसेल. त्याला ते लगेच पटलं. म्हणाला, आसंल, म्हातारं मानूस हाय. मंग पुन्यांदा दे की, जरा मोठ्यानं. मी स्टेशनावर गेलो नाही.

१२ जानेवारी
चांगुणाबाईचं पत्र आलं आहे, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. कानिफच्या नावावर. बाळा, थंडी लई हाय, घोंगडी पांघरत जा, क्लास बुडवू नको.

म्हणजे तो घरी पोचलाच नाही. दहा दिवस झाले.

१३ जानेवारी
उत्तर पाठवलं. कानिफ खुशाल आहे, रोज हजर असतो, असं लिहिलं. का लिहिलं? देवा, मी असं का लिहिलं?

१५ जानेवारी
आज हेडमास्तरांनी तीस म्हटलं, मग बत्तीस. मधल्या एकतिसावर तांबडी रेघ आहे. पण त्या दोहोंच्या मधे मागून आवाज आला, हजर जी. दात वाजत असल्यासारखा. मी वळून पाहिलं, शेवटचं बाक रिकामं. बाकीच्या कोणी मान वळवली नाही.

१६ जानेवारी
सात म्हटलं. मी तोंड उघडायच्या आत माझ्या नावाला हजर आलं. नाक दाबून दिलेलं. हेडमास्तरांनी खूण केली. मी ओरडलो, सर, मी हजर! कोणी पाहिलं नाही.

१९ जानेवारी
मुद्दाम गेलोच नाही. दुपारी पोरांना विचारलं. ती म्हणतात, होतास की! मागच्या बाकावर, घोंगडी पांघरून. ओली कशी रे तुझी घोंगडी? असं विचारलं त्यांनी मला.

२० जानेवारी
हेडमास्तरांकडे गेलो. सगळं सांगायला. तोंड उघडलं तोच त्यांनी पट दाखवला, माझा एकही खाडा नाही, शाबास म्हणाले. परवाना वाढवला आहे. हेच हवं होतं ना मला? हेच ना?

२१ जानेवारी
तो माझी देतोय. रोज. न चुकता. त्याची कोण देणार— मीच. मीच दिली नाही. मीच.

२२ जानेवारी
विष्णुपंतांनी दोन पानं वाढली. म्हणाले, तुझा मित्र परत आला ना रे, मघाशी ओसरीवर बसला होता.

मी जेवलो नाही. दुसऱ्या पानावरचं मात्र संपलं होतं.

२३ जानेवारी, पुणतांबे
भर दुपार. घाटावर बसून लिहितो आहे. आलो ते चांगुणाबाईला खरं सांगायला. पण नाव घालायला नावाडी तयार नाही. म्हणतो, तीन आठवडे झाले, तापाचं एक पोरगं मधल्या धारेत नावेतून पान्यात पडलं, गावलंच न्हाई. त्याची आई कालपासून पलीकडं येऊन बसलीया, पोराला नदीपार धाडलं एवढंच तिला कळलंय. तिला कुनी सांगावं?

ती दिसते आहे. काठावर उभी. विटकं लुगडं. तोंडाला हात लावून हाक मारते आहे— कानिफाऽऽ— थांबते, ऐकते, परत—

कोणी ओ देत नाही.

मागे पायरीवर पाणी ठिबकतं आहे. मी वळणार नाही. घोंगडीचा ओला वास. दात वाजताहेत. अगदी कानाशी म्हणतो आहे, आता तरी दे की माझी— जरा मोठ्यानं—

पुन्हा हाक. एकतिसावा.

पाय आपोआप पाण्यात— वही भिजते आहे— चांगुणाबाई, आलो, मी ह—