चांदीला चांदी न लागता

प्रिय अरविंद,

तू देवाघरी गेलास; आज वहिनी आणि नीताही पुण्याला गेल्या, कायमच्या. इथलं आखातातलं, अदलिया भागातलं तुझं घर रिकामं करून मी दुकानात येऊन बसलोय. एसी दुरुस्त करणारा माणूस मी, पत्रं लिहायची सवय नाही. पण तुझ्या लेकीने निरोप सोपवलाय.

दर शुक्रवारी तू गॅस प्लांटमधून द्रव नायट्रोजन आणायचास, आठवतं? थर्मासला सिगारेटच्या पाकिटांतली चांदी गुंडाळून, दोरीने करकचून आवळून, भर उन्हात गच्चीवर ठेवायचास. बुचाच्या भोकातून उकळत्या नायट्रोजनची फुसफूस चालूच.

"दत्ताराम, तुझे कान तिखट. ऐक, कमी झाली?"

"नाय रे. आहे तेवढीच."

"मग शनीपर्यंत पोचायचं कसं?"

माणसाविना लांबच्या ग्रहाकडे जाणाऱ्या यानाला अतिथंड इंधन सगळ्यात जोरकस. पण वाटेतच ते उकळून उडून जातं. वर्षानुवर्षं ते थंड राखायचं कसं, हे तू मला बिर्याणी खाताना समजावलंस. मी म्हटलं, "म्हणजे माझाच धंदा, फक्त गिऱ्हाईक लांब." केवढा हसला होतास!

नीता मात्र हसायची नाही. शुक्रवार, इथला सुट्टीचा दिवस, तिचा होता रे, तो थर्मासने खाल्ला. एवढा हुशार तू, हे कसं दिसलं नाही तुला?

परवा सामान बांधताना तिने तो कचऱ्यात टाकला. मी उचलला. म्हटलं, "बाळा, बाबाचं एकदा शेवटचं करून बघू?" प्लांटमधल्या तुझ्या दोस्ताने नायट्रोजन दिलं. ती बघत राहिली. मग म्हणाली, "अंकल, व्हाय सो टाइट? द लेयर्स आर टचिंग." तिने दोरी कापली. लहानपणीच्या फ्रॉकची जाळी फाडून थराथरांत घातली, सगळं सैल गुंडाळलं. चांदीला चांदी लागू दिली नाही, म्हणजे उष्णतेला थरातून थरात उतरायला वाटच नको.

मी कान लावला. फुसफूस होती, खोटं कशाला सांगू? पण अगदी मंद, झोपलेल्या पोराच्या श्वासाएवढी. मग तिने कान लावला तो काढेचना.

"काका," ती मराठीत म्हणाली, "बाबाला सांगा ना."

म्हणून हे पत्र.

रिकामा थर्मास ती मांडीवर घेऊन गेली; कपड्यांची बॅग मागून पाठवा म्हणे. सुट्टीत गावी जाण्याआधी मी पुण्याला उतरेन. तिथे नायट्रोजन कुठे मिळतं ते माझ्यावर सोड. शुक्रवारी आम्ही दोघं कान लावू. पहिली ती ऐकेल, मग मी.

तुझा,
दत्ताराम