तलावावरची ड्यूटी

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता मला तुमची चौकशी करावीशी वाटते आहे. चौकशी हा शब्द तुमच्याच पोलीस खात्यातला. नोकरीतून सुटल्यापासून मी रोज सकाळी मेहरूण तलावाला फेरी मारते. आता तिथे चालायला फरशीची वाट केली आहे, व्यायामाची लोखंडी यंत्रं आहेत, पोरं पाण्याकडे पाठ करून फोटो काढत उभी असतात. या हिवाळ्यात तिथे तुमच्या बरोबरचे जमादार भेटले. काठी टेकत चालतात, पण मला लांबून ओळखलं. म्हणाले, "लहानपणी आमच्याबरोबर ड्यूटीला यायचीस, आठवतं का?" मी म्हटलं, "ड्यूटीला नाही काका, नानांबरोबर फिरायला यायचे." त्यावर ते मनापासून हसले. "अगं, साध्या कपड्यातला माणूस कलेक्टर कचेरीसमोर एकटा रेंगाळला की लोक बोलायचे थांबतात. हाताशी पोर असली म्हणजे कोण बघतं त्याच्याकडे?" त्यांना वाटलं, मला हे माहीत असणार. मीही माहीत असल्यासारखी मान हलवली आणि घरी आले. त्या दिवशी चहा गॅसवर उतू गेला तरी मी ओट्याशी नुसती उभी होते.

आपला रस्ता मला अजून डोळे मिटून चालता येईल. आई माझी वेणी घट्ट बांधते, तुम्ही पांढरा शर्ट घालता, आणि आपण निघतो. जिल्हा परिषदेच्या भिंतीपाशी तुम्ही उगीच थांबता आणि चिकटवलेले कागद वाचता. कोर्टाबाहेर टायपिंगवाले आपापली यंत्रं कापडात गुंडाळत असतात, त्यातला एक मला खडू देतो. मग कलेक्टर कचेरी. तिथे कुणाचा ना कुणाचा धरण्याचा मांडव पडलेला असतो, लोक सतरंजीवर बसलेले असतात, आणि तुम्ही म्हणता, "जा, बस त्यांच्यात, मी आलोच." तुम्ही समोरच्या टपरीवर विडी ओढत उभे. मी बायकांच्या मांडीवरच्या बाळांशी खेळते, त्यांची गाणी ऐकते. शेवटी तलाव. तिथे हंगामात बोरं मिळायची, ती तुम्ही कागदाच्या पुडीत घेऊन द्यायचात आणि काठावर बसून विचारायचात, "मंग, काय काय बोलनात त्या?" मी बठ्ठं म्हणजे सगळं सांगायचे. कोण रडलं, कोण कुणावर रागावलं, उद्या कोण येणार आहे. घरात माझं इतकं कुणीच ऐकत नव्हतं. शेजारच्या मुलींना मी मिरवून सांगायचे की आमचे नाना माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोलतात.

आता एकेक गोष्ट मी उलटी करून बघते. धाकट्याला तुम्ही कधी नेलं नाहीत, तो रडका होता म्हणून, की त्याला काही नीट सांगता येत नव्हतं म्हणून? मला ताप होता त्या संध्याकाळी मी येत नाही म्हटलं, तेव्हा तुम्ही ओरडलात, "चाल म्हटलं ना!" मी आईच्या पदरात रडले, पण आतून सुखावले होते, की माझ्याशिवाय नानांना करमत नाही. बोरं माझ्यासाठी होती की माझ्या बोलण्यासाठी? आणि आई? वेणी घालताना ती इतकी गप्प का असायची? तिला विचारायचं राहून गेलं.

मांडवात एकदा यावलकडचे लोक बरेच दिवस बसले होते. सातपुड्याच्या पायथ्याची माणसं, जंगलकाठच्या जमिनींचं काहीतरी मागणं होतं. त्यांचा पुढारी तरुण होता, दाढी वाढलेला, मोठ्याने हसणारा. तो मला भाजलेले शेंगदाणे द्यायचा. एका संध्याकाळी म्हणाला, "उद्या आमचे गावचे सगळे येतील. कोर्टाच्या बाजूनं येऊ, वाजत गाजत. तू पाहाले ये." तलावावर मी तुम्हाला ते सांगितलं. तुम्ही ताडकन उठलात, आणि त्या दिवशी आपण फेरी पुरी केली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खूप उशिरा आलात आणि न जेवता झोपलात. त्यानंतर लवकरच आपण धुळ्याला गेलो. आईने सांगितलं, नानांनी गावाजवळ बदली मागून घेतली. धुळ्याला तुम्ही वायरलेसच्या खोलीत बसायचात, गणवेशात. पांझरा नदीचा काठ जवळ होता, पण तुम्ही मला कधी फिरायला नेलं नाहीत. मी मोठी झाले म्हणून असेल, असं मी धरून चालले.

जमादारांनीच मला यावलकडचा तो पुढारी दाखवला. नळाजवळच्या बाकावर रोज बसतो, म्हणाले, मुलाकडे राहायला आलाय. मी दोन-तीन सकाळी त्याच्यासमोरून नुसती गेले. मग एकदा शेजारी बसले आणि म्हटलं, "आबा, मी लहानपणी तुमच्या मांडवात शेंगदाणे खायला यायचे." त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. "त्या पोलिसाची पोरगी?"

"तुम्हाला माहीत होतं ते पोलीस आहेत?"

"मले पहिल्याच दिवशी समजेल होतं. अंगावर साधा शर्ट, पायात खात्याचे तांबडे बूट! आम्ही कोर्टाकडून येणारच नव्हतो. तुले मुद्दाम सांगितलं. पोलीस तिकडे उभे राहिले अन् आम्ही जिल्हा परिषदेकडून थेट कचेरीच्या पायऱ्यांवर."

तो हसला, नाना. मला हसता आलं नाही. म्हणजे तुम्ही एका टोकाने मला धरलं होतं आणि त्याने दुसऱ्या टोकाने. मी उठणार होते, तर त्याने हाताने थांबवलं आणि पुढचं सांगितलं. मोर्चाच्या संध्याकाळी त्याला पकडून आणलं होतं, चौकीच्या व्हरांड्यात बसवलं होतं. आत साहेब तुमच्यावर ओरडत होते. खोटी बातमी कुणी दिली, नाव सांग, त्याला आत्ता उचलून आणतो. तुम्ही म्हणालात, "नाव नाही साहेब. माझीच चूक समजा." साहेबांनी पुन्हा पुन्हा विचारलं, तुम्ही तेवढंच म्हणत राहिलात.

"मग बाहेर आला," तो म्हणाला. "माझ्यासमोर उभा राहिला. मले वाटलं, आता मारतो. तर म्हणे, 'पोरीशी खोटं कशाला बोललास?' मी म्हटलं, 'तुम्ही तिला आणली कशाला?' त्यावर वळला. गेला तसाच."

आज पाच-सहा दिवस झाले, मी हे मनात धरून बसले आहे. खरं असेल तर धुळ्याची बदली तुम्ही मागितली नव्हती, ती तुम्हाला मिळाली होती, आणि पांझरेच्या काठावर आपण का गेलो नाही तेही मला कळतं. पण सांगणारा कोण? आठ वर्षांच्या पोरीशी गोड बोलून खोटं सांगणारा माणूस. म्हातारपणी समोर आलेल्या बाईला बरं वाटावं म्हणून त्याने हेही रचलं नसेल कशावरून? तुम्ही असता तर तुम्हीच त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

त्या संध्याकाळी चौकीत जमादारही हजर होते, असं तो म्हणाला होता. त्यांना एकदा विचारलं की झालं. ते रोज सकाळी तलावावर असतात, विचारलं तर लगेच सांगतील.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून लिहिते. सोमवारपासून मी सकाळी जायचं बंद केलं. संध्याकाळी जाते. घरात सांगितलं, सकाळी थंडी फार असते.