कानाएवढी काठी

वस्ताद,

गेल्या रविवारी मी तुमच्या नातवाचं मनगट मोडलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला सोपं जाईल. उजवं मनगट, तुम्हीच शिकवलेल्या फटक्याने, आणि तेही त्याच्या हातात काही नसताना. रिकाम्या हातावर काठी चालवणाऱ्याला तुम्ही तालमीत परत पाऊल ठेवू देत नव्हतात, ते मी विसरलेले नाही. हाड मोडल्याचा आवाज तुम्ही सांगायचात तसाच असतो, वाळकी फांदी मोडल्यासारखा. तो ऐकून मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की दुसरा फटका डोक्यात घालायला काठी वर गेलीसुद्धा होती. ती खाली कशी आली ते सांगायला बसले आहे. तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली, आणि त्याआधी मी तुमच्याशी बोलणं टाकलं होतं, त्यामुळे सांगायचं बरंच साठलंय.

आपली चाळ गेली. तिथे टॉवर आहे. मी चौदाव्या मजल्यावर राहते, तुमचा मुलगा नवव्या. तालमीच्या मातीवर आता पार्किंग आहे, पण मंडळाने भांडून तळमजल्यावर एक हॉल मिळवला आणि तुमचा फोटो तिथे लावला. शाळेत पीटी शिकवून रिटायर झाल्यापासून मी रोज सकाळी त्या हॉलमध्ये इथल्या म्हाताऱ्यांना हातपाय हलवायला लावते. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं, टाचा उचलायच्या, भिंतीला धरून एका पायावर उभं राहायचं. जो सकाळी येत नाही त्याच्या दाराची बेल कोणीतरी जाऊन वाजवतं, हा आमचा नियम. चाळीत असा नियम करावा लागला नसता. एखाद्याचं दार उघडलं नाही तर शेजारी ठोठावायचेच, आणि कोणाच्या खोलीत मारझोड चालली असेल तर ती अख्ख्या गॅलरीला ऐकू जायची. टॉवरच्या भिंती भक्कम आहेत. आत कोणी कोणाचा जीव घेतला तरी बाहेर लिफ्टचं संगीत वाजत राहील.

तुमचा मुलगा रोज यायचा आणि मागच्या खुर्चीवर बसायचा. आता सत्तरीला टेकलाय, मान हलते, पाय ओढत चालतो. मी त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हते. बाकी सगळ्यांचे दंड धरून मी सरळ करायची, त्याचे धरायला आमच्या कोळीणआजीला पाठवायची. ही आजी जन्मभर माझगावला मासे विकून आता लेकीकडे राहायला आलीय, तिला जुनं काही ठाऊक नाही. एके दिवशी तिनेच हाक मारली, "अगो, याच्या हाताला बघ काय झालंय ते!"

दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत, बाहेरच्या बाजूने काळेनिळे.

"काय झालं?" मी विचारलं. कित्येक वर्षांत त्याच्याशी बोललेले ते पहिले शब्द.

"पडलो गो मोरीत," तो म्हणाला.

पडणाऱ्या माणसाचे तळवे सोलवटतात, गुडघा फुटतो, खुबा जातो. हाताची बाहेरची बाजू एकाच कारणाने काळी पडते, समोरून मार येताना हात तोंडासमोर धरला तर. हे मला तुमच्या तालमीत कळलं, आणि तुमच्याच अंगावर पहिल्यांदा दिसलं. तुम्हीही मला "पडलंय मोरीत" असंच म्हणाला होतात.

मला ती दुपार अजून दिसते. गिरणी बंद पडून काही वर्षं झालीत, तुमचा मुलगा दिवसा पिऊन येतो. गॅलरीत बायका तांदूळ निवडताहेत, आणि तुमच्या खोलीतून धपाधप आवाज येतोय. सगळ्या माना खाली घालून निवडताहेत. मी माहेरी आलेली आहे. मी आत जाऊन काठी घेते, तुम्हीच दिलेली, आणि तुमच्या दाराला लाथ मारते. तुम्ही कोपऱ्यात उभे आहात. अख्ख्या लालबागला काठी शिकवलेला माणूस, ओठ फुटलेला, हात तोंडासमोर. मी तुमच्या मुलावर काठी उगारते आणि तुम्ही ती हवेतच नुसत्या पंज्यात धरता. त्या वयात, तसल्या अवस्थेत! मग दुसऱ्या हाताने माझ्या कानाखाली वाजवता. "माझ्या झिलाक हात लावचो नाय! समाजला?" पोरावर जो हात उचलत नव्हतात तो माझ्यावर बरा उचललात. कान आठवडाभर वाजत होता. त्यानंतर मी तुमचा उंबरा चढले नाही. तुम्ही गेलात तेव्हा आले, पण जिन्यापाशीच उभी राहिले.

म्हणून त्या सकाळी त्याचे काळे हात बघून मला काय वाटलं ते लपवत नाही. मनातल्या मनात मी पेढे वाटले. आजीला तुमची सगळी कहाणी सांगितली आणि वर म्हटलं, "पेरलं तसं उगवलं."

आजी आपले गुडघे चोळत होती. चोळता चोळताच म्हणाली, "मंग याच्या बापानं काय पेरलेलं?"

मी तिच्यावर अशी उखडले की हॉलमधले सगळे बघायला लागले. माझ्या वस्तादांबद्दल एक शब्द बोलायचा नाही, म्हटलं. ती म्हणाली, "मी कुठं काय बोलली? इचारलं फकस्त."

पण ते डोक्यातून जाईना. तिने विचारलं म्हणून मला ती तालीम आठवली, जी मी कधी आठवू दिली नव्हती. मी आठ-नऊ वर्षांची आहे, तो माझ्याहून मोठा, मिसरूड फुटायला आलेलं. आम्हा सगळ्यांना चूक झाली की तुमची एक टपली. त्याला मात्र काठीचं टोक, सरळ नडगीवर. मुलगा म्हणून लाड करतो असं कोणी म्हणू नये, हा तुमचा बाणा. नडग्यांवरून रक्त मातीत उतरायचं आणि तुम्ही त्यालाच त्यावर माती लावायला सांगायचात. "चेडू असान बघ कसा फिरवता! आणि तू रे?" ते चेडू मी होते. मी मुलगी असून काठी गरगरा फिरवायची आणि तुम्ही शाबासकी दिलीत की फुलून जायची. पोरं त्याला हसायची. तो माझ्याकडे बघायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही तुमची स्वतःची काठी, कानाएवढी उंच, तेल पिऊन काळी झालेली, सगळ्यांदेखत माझ्या हातात दिलीत. तो मुद्गल जागेवर लावत होता. ती काठी त्याची होती, वस्ताद. मार तर सगळा त्याने खाल्ला होता.

एवढं कळूनही मी काय केलं? लिफ्टमध्ये त्याचा मुलगा, म्हणजे तुमचा नातू, भेटला तेव्हा फक्त विचारलं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड, बोलायला लोणी. "बाबांचा तोल जातो ना काकी. गॅस चालू ठेवतात, अंथरूण ओलं करतात. मी एकटा माणूस, किती बघणार?" त्याचंही खोटं नव्हतं. बायको सोडून गेलीय, नोकरी दिवसभराची. मी बरं म्हटलं आणि चौदाव्यावर निघून गेले.

मग आला रविवार. मंडळाचा ज्येष्ठांचा मेळावा, आणि त्यात काठीवाटप. स्टेजमागे बॅनर एवढा मोठा की त्यावरच्या पुढाऱ्याच्या एका कानाखाली आमची सगळी म्हातारी मंडळी मावली असती. अॅल्युमिनियमच्या काठ्या, प्रत्येकीवर त्याचा हसरा स्टिकर. आजीने एक उचलून बघितली. "ही काठी की उसाचं चिपाड?" पोहे सकाळीच संपले, पुढारी काही येईना, आणि कार्यकर्ते कोणाला जागचं उठू देईनात, फोटोत खुर्च्या रिकाम्या दिसतील म्हणून. माझं काठी फिरवून दाखवण्याचं प्रात्यक्षिक होतं, म्हणून तुमची काठी घेऊन मी स्टेजच्या बाजूला उभी. शेवटी पुढारी आला, एकेकाला बोलावणं सुरू झालं. तुमचा मुलगा उठला आणि त्याचा पायजमा पुढून पार भिजलेला. मागे कोणीतरी खिदळलं.

नातू मागून धावत आला. इस्त्रीचा शर्ट, लोणी, सगळं गेलं होतं. त्याने बापाची कॉलर धरली. "लाज काढतोस माझी? चारचौघांत?" आणि फाडकन थोबाडीत दिली. दुसरीसाठी हात उचलला तसा म्हाताऱ्याचा हात आपसूक तोंडासमोर गेला, सवयीने.

मी मधे गेले. "काकी, बाजूला व्हा. घरचा मॅटर आहे," तो म्हणाला आणि हात खाली आणला. तो हात बापाच्या तोंडापर्यंत पोचला नाही. त्याआधीच मी तो काठीने मोडला.

तो गुडघ्यावर आला, मनगट पोटाशी धरून गुरासारखा ओरडत. माझ्या डोक्यात रक्त चढलं होतं. मला समोर तो दिसतच नव्हता, त्याचा बाप दिसत होता, त्या दुपारचा, तुमच्या खोलीतला. मी काठी दोन्ही हातांनी उचलली. आणि तुमचा मुलगा मधे येऊन उभा राहिला. ओला, थरथरता, दोन्ही हात पसरून. "नको गो. मारू नको. माझो झील तो."

तुम्ही तेव्हा माझी काठी धरली होती. त्याला ती धरता आली नसती, एका फटक्यात तो आडवा झाला असता. माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. डावा पुढे, उजवा मागे आडवा, गुडघे किंचित वाकलेले, भार मधोमध. तालमीतला पहिला धडा. एरवी पाय ओढत चालणारा माणूस लेकाला वाचवायला बरोबर तुमच्या पवित्र्यात उभा होता. त्याला सगळं येत होतं, वस्ताद. तो कधी ढ नव्हताच. तुम्ही ज्यासाठी त्याच्या नडग्या फोडल्यात ते तो केव्हाच शिकला होता आणि तुम्ही ते बघितलंच नाहीत. तेव्हा मला तुमचा असा राग आला की काठी आपोआप खाली आली.

नातवाने इस्पितळात काय सांगितलं असेल? जिन्यात पडलो. बाईमाणसाने मारलं हे सांगायची लाज वाटली, की बापावर हात टाकल्याचं निघेल म्हणून भीती, देव जाणे. मी चौकीत जाऊन माझं आणि त्याचं दोघांचंही सांगून आले. तुमचा मुलगा मात्र तक्रार द्यायला तयार नाही, घर सोडायलाही नाही. मग आम्ही आमच्या परीने केलं. सकाळ-संध्याकाळ कोणीतरी नवव्यावर जातं, बेल वाजवून आत बसतं, चहा घेतं, म्हाताऱ्याचे हात उजेडात धरून बघतं. कोळीणआजी तर नातवासमोरच बाह्या वर करते आणि म्हणते, "मासा ताजा हाय का शिळा, मला बघूनच कळतंय हां." तो खालमानेने बसून राहतो. म्हाताऱ्याला सांभाळायला दिवसा एक मावशी शोधतोय, कारण एकट्याने म्हातारपण सांभाळणं सोपं नाही हे मलाही दिसतं. पण म्हणून हात उचलायचा परवाना मिळत नाही.

परवा सकाळी सगळे गेल्यावर तुमचा मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तुमच्या फोटोकडे त्याने पाठ केली होती.

"शिकवशील?"

"काय?"

"मारायचं नको. अडवायचं तेवढं सांग. तो हात उचलतो ना, तेव्हा तोंड तरी वाचेल. त्यालाही लागायला नको."

मी तुमची काठी त्याच्या हातात दिली. ती त्याला पेलेना. टोक जमिनीला टेकलं आणि तो काठीवरच कलला. मग मी ती घेऊन करी रोडच्या सुताराकडे गेले आणि त्याच्या कमरेच्या मापाची कापून आणली. खाली रबराचं टोपण बसवलं. तुमच्या मुठीने काळा झालेला भाग त्याच्याकडे गेला. त्याने तो धरला आणि बोटं फिरवून बघितला. आज तिसरा दिवस. अडवणं त्याला झकास जमतं. मी "शाबास" म्हणते तेव्हा तो दचकतो.

हे लिहिलेलं तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. पण जळमटं काढताना ते कोणाच्या तरी हाती लागेल, आणि तुमचं नाव इथे अजून मोठं आहे. माझ्याजवळच राहू दे.

एक मात्र सांगायचं राहिलं. काठीचा उरलेला तुकडा, टोकाकडचा, ज्याने तुम्ही त्याच्या नडग्या फोडायचात, तो सुताराकडून मी टाकून द्यायला म्हणून आणला. टाकला नाही. माझ्या दाराआड उभा आहे. नातवाचं प्लास्टर निघेपर्यंत असू दे, असं मी स्वतःला सांगते. पण येता-जाता मी तो हातात घेऊन बघते, वस्ताद, आणि मला अजून बरं वाटतं.