न घेतलेला बाप्तिस्मा

१३ जानेवारी २०१३, रविवार. सकाळी ९ वाजून १० मिनिटं.

तेव्हाच. भिंतीवरचं घड्याळ बघून ठेवलं. उपासना संपली होती, लोक उठायच्या बेतात होते, आणि आमच्या अच्चननी, म्हणजे धर्मगुरूंनी, झग्यातून कागद काढला.

"कै. कुरुविळा यांच्या पत्नी शोशाम्मा यांनी नदीत दुसरा बाप्तिस्मा घेतल्याचं कमिटीला समजलं आहे. त्यांचं नाव यादीतून कमी करण्यात येत आहे. कुटुंबाच्या थडग्यावर त्यांचा हक्क राहणार नाही."

शोशाम्मा म्हणजे मी. तिसऱ्या रांगेत बसलेली. कोरडी ठणठणीत!

राग यायला हवा होता. आला नाही. घरी येऊन भात चढवला आणि पाणी घालायला विसरले.

१४ जानेवारी

एलीकुट्टी आली. माझी नणंद; मला चेडत्ती, म्हणजे वहिनी म्हणते. रुमाल घरूनच भिजवून आणल्यासारखा.

"चेडत्ती, बुडी मारलीत कधी? मला तरी सांगायचं!"

"कोणी सांगितलं बुडी मारली म्हणून?"

"सांगायला कशाला हवं? कान बघा ना तुमचे!"

असं आहे तर. आमच्याकडे कान-गळा ओका दिसला की माणूस नदीवाल्यांत, म्हणजे मोठेपणी नदीत पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्या पंथात, गेलाच. ते आधी सोनं उतरवायला लावतात, मग पाण्यात नेतात. माझं सोनं नर्सने उतरवलं होतं! डिसेंबरात, डोक्याच्या स्कॅनच्या वेळी. कुड्या, साखळी, साखळीतलं मिन्नू — लग्नात ह्यांनी बांधलेलं. सगळं बिस्किटाच्या डब्यात ठेवलं. परत घालायचं राहून गेलं. सप्टेंबरात हे गेले, तेव्हापासून बरंच काही राहून जातं.

शिवाय बदकाची अंडी मी नदीवाल्या पास्टर सामकुट्टींच्या बायकोकडून आणते. झाला पुरावा!

तेहेतीस वर्षं रजिस्ट्रार ऑफिसात काढली. न झालेल्या व्यवहाराची नोंद एकदाही होऊ दिली नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, आधी तारीख लिहा, मग तक्रार. तारीख लिहिली आहे.

१५ जानेवारी

थडग्याशी जाऊन आले. दोघांची जागा. डावीकडे हे. उजवीकडे मी, असं लग्न झाल्यापासूनचं ठरलेलं. सेहेचाळीस वर्षं.

घरी येऊन मंत्रकोडी उन्हात घातली. लग्नात ह्यांनी माझ्या डोक्यावर घातलेली साडी. तिच्यातच गुंडाळून पुरतात आम्हाला. कसर लागलेली नाही. घडी करून परत ट्रंकेत.

रडू आलं नाही.

१७ जानेवारी

पास्टरकडे गेले. ते अंगणात नारळ सोलत बसले होते.

"गावभर बुडवून झालंच आहे मला," म्हटलं. "आता तुम्हीही बुडवा, म्हणजे हिशेब पुरा."

ते हसले नाहीत. "अम्मच्ची, रागानं उतरलात तर नुसत्या भिजाल." मग म्हणाले, "येशूवर तुमचा विश्वास आहे का? तुमचा. घराण्याचा नव्हे."

मी अंडी मागितली.

बाप्तिस्मा झाला तेव्हा चाळीस दिवसांची होते. माझ्या वतीनं आजी 'हो' म्हणाली. शाळेत प्रश्नोत्तरं घडाघडा म्हणून बक्षिसं मिळवली. पण हा प्रश्न एकोणसत्तर वर्षांत कोणी विचारला नव्हता.

अंडी घेऊन परत आले.

१८ जानेवारी

काही नाही.

२० जानेवारी

रविवार असून चर्चला गेले नाही. जन्मात पहिल्यांदा.

दुपारी कमिटीचे विश्वस्त पोत्तन आले. खुर्चीच्या कडेवर टेकले.

"चूक झाली, कोच्चम्मा. नर्सचं आम्हाला कालच कळलं. पुढच्या रविवारी अच्चन दुरुस्ती वाचतील. थडगं तुमचंच. फक्त... येताना कुड्या घालून या."

"का?"

"लोकांना दिसायला हवं ना."

"माझे कान?"

"तेवढंच."

केळ्याच्या वेफर्सची बशी रिकामी करून गेले. म्हणजे मी जिंकले. भांडी घासली.

२२ जानेवारी

डबा उघडला. कुड्या घातल्या. भोकं बुजत आली आहेत. आरशात बघितलं. थडग्याची मालकीण! काढून ठेवल्या.

जेवणाच्या टेबलाशी बसले आणि मोठ्यानं म्हटलं, "आहेस का?"

पुस्तकातली प्रार्थना नव्हे. माझी मीच विचारलं. उत्तर आलं नाही. पण उठवेना. पेज गार झाली, तिच्यावर साय धरली, तरी बसून होते. त्या वेळी मी एकटीच होते, असं शपथेवर सांगता येणार नाही.

२४ जानेवारी

पुन्हा पास्टरकडे.

"राग?"

"संपला."

"मग?"

"हो," मी म्हटलं. "त्या दिवशी विचारलंत त्याचं उत्तर."

ते म्हणाले, "थडगं जाईल, अम्मच्ची. आमची दफनभूमी पार रबराच्या मळ्यामागे."

"ठाऊक आहे."

एलीकुट्टीला सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा तिथे एकटे पडतील, चेडत्ती."



२६ जानेवारी, शनिवार. सकाळी ६ वाजून ४० मिनिटं.

पाणी गार होतं. चांगलंच गार लागलं.

अच्चनना चिठ्ठी पोचवली. नक्कल इथे:

'उद्या दुरुस्ती वाचू नये. १३ तारखेला आपण खोटं वाचलंत, ते आज खरं झालं आहे. तारीख तेवढी बदलावी. सोबत माझी मंत्रकोडी पाठवते आहे. थडगं पुढे कधी उघडेल तेव्हा ती कुरुविळांच्या उजव्या बाजूला ठेवाल का? लेखी कळवावं. रविवार, १० फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत.'