जांभळाचं मडकं

रविवार, विंचूर

बापाला किती वेळा सांगितलं, मी पेठला येईपर्यंत मडकं उघडू नको! जांभळाची वाईन मी आणि माझ्या चिंगीनं लावलेली. मडक्याला कान लावून बुडबुड ऐकायची, थांबली की दोघांनी मिळून फडकं सोडायचं, असं ठरलं होतं. मला सुट्टी मिळाली नाय. आज फोनवर चिंगी म्हणते, "बाबा, मडकं गप झालं! आजानं उघडलं." मागून म्हातारा हसतोय, "तुझी वाट बघितली असती तर आंबट ढाण झाली असती." लहानपणी मला मडक्याजवळ फिरकू देत नव्हता, आता नातीला कान लावायला शिकवतो! आणि मी इथं वाईनच्या कारखान्यात दुसऱ्याच्या टाक्या धुतोय. नव्या मडक्याला उद्या पैसे धाडतो. ते मी आल्यावरच भरायचं, कान चिंगीनं माझ्यासोबतच लावायचा. मडक्याचे तीनशे रुपये.